निघायचं का, विनी?

विनी नटॉलचं अर्धं आयुष्य गाडीच्या मागच्या फळीवर गेलं. पुढे नवरा क्लेम लगाम धरून, मागे ही. हॉलबेक पार्कच्या हवेलीसमोर दर उन्हाळ्यात घोडागाड्यांची स्पर्धा भरे. या जोडप्याचा नंबर क्वचितच यायचा, पण क्लेमचा तोरा असा, की हवेली जणू त्याच्या आजोबांनीच बांधली होती.

फेब्रुवारीत क्लेम गेला. विनी रडली नाही, आणि गावाला त्याचंच नवल. क्लेमचे ढगळे हातमोजे चढवून ती त्याच्या थिसल घोडीला जुंपायची आणि रोज कुरणात गाडी हाकायला शिकायची.

मुलगा रॉय वैतागला. "आई, सत्तरी उलटलीय तुझी. देऊन टाकू घोडी कुणाला तरी."

"तुझे वडील म्हणायचे, आधी रॉयलाच देऊन टाकू. कुणी घेतलंच नाही."

रॉयला हसू आलं, पण तो हटला नाही. शेवटी असं ठरलं, की हॉलबेकची फेरी पुरी केली तर थिसल राहील, नाहीतर जाईल. विनीला दुसरं काही नकोच होतं. क्लेमचा हात ओळखणारं घरात आता तेवढंच एक जनावर उरलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मागे शेजारीण मेरियन बसली. मैदानाच्या मध्यावर गाडी थांबवून विनीने चाबूक खाली केला आणि पंचांना मान झुकवून सलाम केला. पंचांनी हॅट उचलली. आता निघायचं.

थिसल हलेना.

विनीने लगाम सैल सोडला, जिभेने टकटक केली, चाबकाचं टोक लावून पाहिलं. घोडी ढिम्म. कुरणात एका शब्दावर पळायची ती! पण कुरणात सलाम कोण कुणाला करतंय?

"अगं, बाद करतील आता," मेरियन कुजबुजली. "क्लेम काय करायचा इथे?"

काय करायचा? हॅट काढायचा, परत घालायचा आणि मागे न बघता म्हणायचा, "निघायचं का, विनी?" विनीला वाटायचं, आपल्याला विचारतोय. थिसलला वाटायचं, आपल्याला सांगतोय. तिच्या डोळ्यांना झापडं. लगाम आज कुणाच्या हातात आहे, हे त्या बिचारीला काय ठाऊक!

स्वतःला हाक मारायची वेळ विनीवर कधी आली नव्हती.

"निघायचं का, विनी?"

थिसलचे कान मागे वळले. क्षणभर घुटमळून ती निघाली, आणि अशी दुडकी धरली, की क्लेमने शेजाऱ्यापाजाऱ्यांना महिनाभर ऐकवलं असतं.

फेरी पुरी झाली. शेवटचा सलामही झाला. कुंपणापाशी रॉय टाळ्या वाजवत होता. आता फक्त मैदानाबाहेर पडायचं होतं, आणि थिसल पुन्हा कान मागे करून उभी. विनीने तोंड उघडलं, पण शब्दाच्या आधी रडू आलं, फेब्रुवारीपासून अडलेलं. दोघी एकाच आवाजाची वाट बघत तिथेच थांबल्या.

मग मेरियन खाली उतरली, थिसलच्या तोंडापाशी गेली आणि तिला धरून दोघींना हळूहळू बाहेर घेऊन आली.