बोटीचं ट्रेनिंग

आमच्या हापिसातले किस्से सांगायला बसलं, की आधी हसू येतं आणि जरा वेळानं मान खाली जाते. माकणीच्या धरणात गाळ साचावा तसे हे साचत गेलेत. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण दरसाल वाढतातच. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं हापिस, एवढंच सांगतो. तालुका कुठला ते विचारू नका. लाज वाटते राव!

आधी नियम ऐका. सरकारनं स्वतःच्या खर्चानं ट्रेनिंगला पाठवायचं, तर ज्याच्याकडं ते काम आहे त्यालाच पाठवायचं. त्यानं पूर्ण वेळ हजर राहायचं, परत येऊन बाकीच्यांना शिकवायचं आणि पुढची तीन वर्षं त्याच कामावर राहायचं. नियम चांगलाय. आमची नियमाबद्दल काही तक्रार नाही. नियमाचीच आमच्याबद्दल असेल.

*

पहिला मान अण्णांचा. अण्णा आमचे हेडक्लार्क. कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला पुण्याला एक माणूस पाठवायचा होता. तरणी पोरं तयारच बसली होती, पण अण्णा गरजले, "सेवाज्येष्ठता म्हणून काही असतंय का न्हाय?"

ज्येष्ठतेपुढं कुणाचं चालतंय! अण्णा आठवडाभर पुण्याला राहून आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीला रिटायर झाले.

निरोपाच्या कार्यक्रमात साहेब जरा खोचकच बोलले, "अण्णा, सरकारनं शिकवलेलं वाया गेलं की हो!"

अण्णा गळ्यातला हार सावरत म्हणाले, "वाया कसं जाईल साहेब? उमरग्याला जावयाचं झेरॉक्सचं दुकान हाय की!"

*

बिराजदारला 'ताणतणाव व्यवस्थापना'च्या ट्रेनिंगला पाठवलं. आता ह्या माणसाला कसला ताण? दुपारी जेवण झालं की खुर्चीतच घोरतो. पण नंबर त्याचा होता.

परत आल्यावर नियमाप्रमाणं त्यानं आम्हाला शिकवायचं होतं. आम्ही सगळे मीटिंग हॉलमध्ये वह्या उघडून बसलो. बिराजदारनं सुरुवात केली. पहिल्या दिवशी नाष्ट्याला शिरा, दुसऱ्या दिवशी इडली. रूमला एसी. आंघोळीला कधीही गरम पाणी. जेवणात रोज एक गोड!

साहेब वैतागले. "बिराजदार, ताणाचं काय शिकवलं ते सांगा."

"ताण नव्हताच की साहेब तिथं! हितं आलो आन् सुरू झाला."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

*

एकदा तुळजापूरला एका दिवसाचं ट्रेनिंग होतं. विषय : नागरिकांशी सौजन्यानं कसं वागावं. मी आणि आमचा मलकप्पा स्वामी दोघं गेलो. मलकप्पा म्हणजे चांगला माणूस. कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळं हापिसातली सगळी नकोशी कामं त्याच्याकडं.

सकाळी सह्या केल्या आणि चहाच्या सुट्टीत हळूच सटकलो. आईच्या दारात यायचं आणि दर्शन न घेता जायचं म्हणजे पापच की! रांग मुंगीच्या पायानं चाललेली. पुढचा एक माणूस मोबाइलमध्ये तोंड घालून उभा. मलकप्पा उपाशी होता, तो एवढा शांत माणूस पण भडकला.

"ओ, सरका की म्होरं! झोपलात का काय?"

माणूस वळला. आम्हाला सौजन्य शिकवणारे सर!

ते आमच्याकडं बघतात, आम्ही त्यांच्याकडं. शेवटी सरांनीच हात जोडले, "आपण आधी व्हा."

मलकप्पा म्हणाला, "छे छे सर, आधी तुम्ही."

मागून एक म्हातारा ओरडला, "ओ, दोघंबी बाजूला व्हा, आमी जातो!"

*

आता बोटीचं. पुराच्या पाण्यातून माणसं काढायला सरकारनं आमच्या तालुक्याला एक रबरी बोट दिली, इंजिन दिलं. एक माणूस ट्रेनिंगला पाठवा म्हणून आदेश आला. अट एकच, पोहता आलं पाहिजे.

साहेबांनी विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?"

एक हात वर नाही! आमच्यातले निम्मे विहिरीत मुटके मारत मोठे झालेले. पण हात वर केला तर दर पावसाळ्यात आपलीच आठवण निघणार, हे सगळ्यांना कळत होतं. सगळ्यांच्या माना खाली. बिराजदार तर बुटाची नाडी बांधायला लागला, आणि पायात त्याच्या चप्पल!

"मग स्वामी, तुम्ही जा," साहेब म्हणाले.

"साहेब, मला पोहाया येत न्हाय ओ."

"तिथं शिकवतील की!"

तिथं काही पोहायला शिकवलं नाही. ज्यांना येतं त्यांचंच ट्रेनिंग होतं ते. मलकप्पा सगळे दिवस काठावर बसला आणि शेवटी नारंगी जॅकेट घालून बोटीत उभा राहून त्यानं फोटो काढला. तो फोटो आम्ही तालुक्यातल्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'घाबरू नका, आपला तालुका सज्ज आहे.'

परत आल्यावर मलकप्पानं आम्हालाही शिकवलं. बोट गोडाऊनमध्ये पॅक होती, म्हणून हॉलमध्ये खुर्च्या एकामागं एक लावल्या आणि हातात झाडू घेऊन आम्ही वल्हवलं. बिराजदार मागून ओरडत होता, "आरं, मुंबई आली का बघा!" पोट दुखेस्तोवर हसलो.

*

त्याच सालच्या पावसाळ्यात तेरणा नदी फुगली.

सकाळी सकाळी एका गावातनं फोन आला. शेतातल्या शेडवर एक म्हातारा-म्हातारी अडकलेत, चारी बाजूंनी पाणी, पत्रा हलायलाय. "त्या फोटोतल्या बोटवाल्याला लगेच पाठवा!"

आम्ही बोट जीपमध्ये घातली आणि निघालो. मलकप्पानं जॅकेट घातलं होतं. वाटेत आम्ही कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतो.

काठावर अख्खं गाव जमलेलं. फोटोतलं जॅकेट दिसल्याबरोबर लोकांनी वाट करून दिली. बायका हात जोडायला लागल्या. लांब पत्र्यावर दोन माणसं एकमेकांना धरून बसलेली दिसत होती. आम्ही बोट उलगडली. गोडाऊनमध्ये पडून पडून उंदरांनी ती जागोजागी कुरतडली होती.

कुणीतरी ओरडलं, "आवो, तुमी तरी उतरा! जाकीट हाय की अंगात!"

मलकप्पा रडकुंडीला आला. "मला पोहाया येत न्हाय ओ!" सगळ्या गावासमोर बोलला. ज्यांना येत होतं ते आम्ही त्याच्या मागं उभे होतो.

गावातल्या दोघा गड्यांनी मग आमचा नाद सोडला. गुऱ्हाळावरनं उसाचा रस आटवायची मोठी काहील आणली, तिला दोर बांधला आणि त्या काहिलीत बसून दोघं पाण्यात गेले. काहील गरागरा फिरत होती. काठावरचे लोक दोर धरून होते. एका खेपेला म्हातारा आला. दुसऱ्या खेपेला म्हातारी.

म्हातारी ओलीचिंब, थंडीनं दात वाजतायत. काहिलीतनं उतरली आणि तिची नजर मलकप्पावर गेली. नारंगी जॅकेट घालून तो चिखलात खाली बसला होता. बाजूच्या बाईनं तिला काहीतरी सांगितलं.

आता ही शिव्या घालणार, असं वाटलं. घालायलाच पाहिजे होत्या.

म्हातारी त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "लेकरा, तुला पोहाया येत न्हाय व्हय? आन् तरी तुलाच धाडलं ह्यांनी? ऊठ. माझा हात धर. लई निसरडं हाय हितं, पडशील."

आणि त्याचा हात धरून ती त्याला रस्त्यापर्यंत घेऊन गेली.