नानांच्या नावाची टिक

नाना फोरमन ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातला आवृत्तीचा नंबर बघायचे आणि विचारायचे, "सायेब, ह्ये शेवटचं हाय का आजून येक येनार हाय?" सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीचं मोठ्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, रोज काही ना काही बदलायचं. त्यांचं विचारणं रास्तच होतं, पण मला मेल्याला त्याचाच वैताग यायचा.

मी तिथला 'डिजिटल'वाला इंजिनिअर. नवं ड्रॉइंग टॅबवर आलं की प्रत्येक फोरमनने ते उघडून 'पाहिलं' हे बटण दाबायचं, मग नावापुढे हिरवी टिक यायची. नानांनी पहिल्याच दिवशी टॅब माझ्या हातात दिला. "पासवर्ड तुमीच घाला. नातीचं नाव घाला, म्हंजी माज्या बी ध्यानात ऱ्हाईल." सुट्टीवरून येताना पाथर्डीहून माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधून आणणारा माणूस तो. "हाटेलातलं खाऊन पार वाळलाय तुमी," म्हणायचे.

पुण्याच्या ऑफिसला रोज संध्याकाळी सगळ्या टिका हिरव्या हव्या असत. उन्हातान्हात राबणारे फोरमन कुठे बटणं दाबत बसणार? पासवर्ड सगळ्यांचे माझ्याकडेच होते, मग मीच केबिनमधून सगळ्यांच्या नावाने दाबू लागलो. एकदा असंच न बघता दाबलं. त्या ड्रॉइंगमध्ये मशीनच्या पायाचे बोल्ट चार इंच सरकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी फोन करून विचारलं, "हातातला कागद शेवटचाच ना?" मी घाईत म्हणालो, "हो हो नाना, ओता." त्यांनी जुन्याच कागदावरून पाया ओतला.

चूक उघडी पडली. मीटिंगमध्ये पडद्यावर नानांचं नाव आणि पुढे हिरवी टिक. "पाहूनही चुकीचा पाया ओतलात?" मोठे साहेब कडाडले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं हो मला, एकच! माझी बढती तोंडावर होती. मी वहीत रेघोट्या ओढत राहिलो.

"माजं नाव हाय, म्हंजी मीच पाहिलं आसंल," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. पिशवी घेऊन ते केबिनच्या दारात आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सायेब, टॅबातनं माजं नाव तेवढं काढा. न्हाईतर घरी बसून बी मी काय काय पाहत ऱ्हाईन."

नाव मी त्यांच्यासमोरच काढलं. ती टिक कुणी केली होती, हे त्या ऑफिसात मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.