तळाच्या माणसाची झोप

तांजियरच्या कसरतपटूंत अय्यादची ख्याती एवढीच, की अंगावर आठ माणसे चढली तरी त्याची पापणी हलत नसे. मुलगी झाल्यापासून ती मिटतही नव्हती. बाळ रात्रभर रडे. सासूबाई झुलिखा मायेने म्हणत, "जावईबापू, तुमच्याच खांद्यावर गप्प बसते बघा," आणि लगेच घोरू लागत.

हा निव्वळ आळस नव्हता. अय्यादला मुलीला आपल्या दिवंगत आईचे नाव द्यायचे होते, रहमा, सासूबाईंना स्वतःचे. त्या घराण्याची रीत अशी, की सातव्या दिवशी बापाच्या खांद्यांवर माणसांचा मनोरा रचायचा आणि शेंड्यावरच्याने नाव पुकारायचे. नाव पुकारेपर्यंत मनोरा उभा राहिला तर ते बापाच्या पसंतीचे. त्याआधी कोसळला तर आजीच्या.

सातव्या सकाळी सराव झाला. शेंड्यावरून मेहुणा यूनुस ओरडला, "दाजी, खाली भूकंप झालाय का?"

"वारा आहे," अय्याद म्हणाला. दोरीवरची लंगोटी मात्र स्तब्ध होती.

वस्ताद सल्लामने सगळ्यांना उतरवले आणि अय्यादच्या डोक्यावर पुदिन्याच्या चहाचा पेला ठेवला. पेला राहिला.

"आता डोळे मीट."

चहा कॉलरमध्ये गेला.

"घोटे तुझे झोपलेत, गाढवा. डोळ्यांच्या आधारावर उभा आहेस. तू बोटभर हललास की यूनुस वर हातभर झुलतो. जाऊन झोप!"

"मग मुलगी आयुष्यभर झुलिखा!"

वस्तादने सुस्कारा टाकला. "मग डोळे मिटू नकोस. न हलणारी एक वस्तू धर आणि तिच्याकडेच बघ."

दुपारी अंगण पाहुण्यांनी, मांजरांनी आणि परातीत बोटे घालून रव्याचा कुसकुस चाखणाऱ्यांनी हलत होते. अजिबात न हलणारी वस्तू एकच सापडली : गादीवर बसलेल्या सासूबाई. अय्यादने नजर त्यांच्या सोन्याच्या दातावर रोवली. माणसे चढत गेली. मनोरा उभा राहिला.

"काय टक लावून बघतोय मेला!" सासूबाई पुटपुटल्या.

"रहमा!" यूनुस वरून गरजला.

"हरामखोरा, पोटचा ना तू माझ्या!" सासूबाई ताडकन उठल्या. दात नजरेसमोरून गेला, त्यासरशी आधारही. अख्खा मनोरा कुसकुसमध्ये आला.

एकेक जण अंगावरचा रवा झटकून उठला. अय्याद उठेना. बायका किंचाळल्या. वस्तादने त्याच्या नाकाशी कान नेला.

"घोरतोय," तो म्हणाला.

गलक्याने बाळाने भोकाड पसरले. सवयीने सासूबाई जावयाकडे वळल्या, थबकल्या, आणि पोर स्वतःच्याच खांद्यावर टाकून येरझारा घालू लागल्या. "गप गं, रहमा," त्या दात-ओठ खात म्हणाल्या.