बसायच्या आधी एक ‘रन’

आमच्या सदाशिव पेठेतल्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जाऊन माझं इंग्रजी किती सुधारलं, ते विचारू नका. किस्से मात्र इतके साठलेत, की शनिवार पेठेतल्या माझ्या दुकानात बायका फॉल-पिकोला साडी टाकतात आणि किस्सा ऐकायला थांबतात.

क्लास घेतात गोडबोले बाई. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. त्यांची पद्धत अशी, की महिनाभर एकच शब्द. वर्गात आल्यावर उभं राहून ‘विच वर्ड, मॅडम?’ असं रोज विचारायचं, त्या शब्दाचा आपल्या रोजच्या जगण्यातला एक नवा अर्थ सांगायचा आणि मगच खुर्चीला हात लावायचा. गेल्या महिन्यात शब्द होता ‘रन’. एवढासा शब्द, पण डिक्शनरीत त्याची पानंच्या पानं!

मी माझी पांढरी साडीच नेली. काठाचा लाल रंग पदरभर ‘रन’ झालेला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अर्थ पक्का आहे. रंग नाही.”

*

कदम काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, मी तीस वर्षं मशिन रन केलं. बाईंनी विचारलं, त्यात काय तयार व्हायचं? काका सांगता येणार नाही म्हणाले, आणि तासभर उभेच राहिले. शेवटी बाईच वैतागल्या, अहो, निवृत्त होऊन सात वर्षं झाली ना?

“मी झालो, बाई. मशिन नाही झालं.”

*

या शब्दाचं मूळ वाहण्यात आहे, असं सांगून एकदा बाई आम्हाला वाहतं पाणी दाखवायला मोरीत घेऊन गेल्या. नळ सोडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला. बाई शांतपणे नळ बंद करत म्हणाल्या, “मूळ अर्थ सकाळी सहा ते आठ.”

*

आता वैशालीचं ऐका. यवतमाळकडची गुणी पोर, पण दोन इंटरव्ह्यूत तोंडच उघडलं नव्हतं. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, “काकू, आता नाही जमलं तं बाबा घ्यायला येऊन राहिले.”

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूला साहेब म्हणाले, बसा. ही उभीच. त्यांनी परत सांगितलं, तरी उभी. घाबरून सवयीनं तोंडातून निघालं, “विच वर्ड, सर?”

साहेब गोंधळले. म्हणाले, कुठलाही. मग काय विचारता! नळ, रंग, काकांचं मशिन, सगळं धडाधड इंग्रजीत सांगून झालं. शेवटी म्हणाली, माझे वडील गावी किराणा दुकान रन करतात, त्यांचा मला अभिमान आहे, पण मला इथं माझ्या पायावर उभं राहायचंय. आणि मग बसली.

नोकरी लागली. तिनं वर्गात पेढे वाटले तेव्हा मी चक्क रडले.

पुढच्या सोमवारी तास सुरू होता आणि दारात टायवाले एक गृहस्थ आले. वैशाली दचकून उभी राहिली, “सर, तुम्ही?” प्रवेश हवाय, असं बाईंना सांगत त्यांनी खुर्ची ओढली.

“अहो, बसताय कुठे?” बाई म्हणाल्या.

साहेब सरळ उभे राहिले. “विच वर्ड, मॅडम?”