लोहाची गोळी आणि केवळाबाईचा चहा

शहजादीबी मणियारणीनं बांगड्या भरल्या नाहीत, असा हात भोकरच्या आसपासच्या गावांत शोधून सापडणार नाही. तळहात दाबला की माप कळायचं, वर टोमणा ठरलेला: "हात किती पांढरा गं! काही खाऊन राहिली का नुसतं नवऱ्याचं डोकं?" स्वतःच्या नखांकडे मात्र तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात फेरीवर तिला धाप लागू लागली, तपासणीत रक्त कमी निघालं, तेव्हा तिचा मुलगा यासेर अडून बसला.

"अम्मी, दोन महिन्यांत रक्त पुरतं वाढलं न्हाई तर फेरी बंद. दुकानात बसायचं."

दुकानात गिऱ्हाईक येतं नि जातं. ओसरीवर बसवून सासूची गाऱ्हाणी कोण सांगणार?

उपकेंद्रातल्या दीपमाला सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या. "चाची, रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे हमाल. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा, अंगभर पोचवायचा, परत यायचं. त्यांच्यातलं लोह तो प्राणवायू धरून ठेवतं. लोहच नसलं तर धरणार कशानं?"

"मंग जुन्या हमालांना गोळ्या चारायच्या?"

"ते चारेक महिन्यांत संपतात. हाडांच्या आत रोज नवे तयार होतात, त्यांच्यासाठी."

"रोज भरती!" शहजादीबी हरखली. "आमच्या यासेरला तर कुणी कुठंच घेतलं न्हाई."

गोळी ती नेमानं घ्यायची. फेरीत रोज जिच्याकडे टेकायची त्या केवळाबाईच्या ओसरीवर, चहाच्या घोटाबरोबर. महिन्यानं तपासलं तर आकडा जागचा हलला नव्हता. सिस्टरनं खोदून विचारलं आणि कपाळावर हात मारला. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा मागाहून दोन तासांनी.

पण केवळाबाईचा चहा नाकारणं म्हणजे भांडण विकत घेणं. "आमच्या चहात काय इख कालवलंय का?" तिचं तोंड फुगलं. शहजादीबीनं हमालांची सगळी कथा पदरची भर घालून सांगितली. केवळाबाईनं उठून लिंबू पिळलं, मग गावभर बजावून आली, "भाभीला कुणी चहा पाजला तर माझ्याशी गाठ हाय!"

पुढच्या महिन्यात यासेरनं तपासणीचा कागद वाचला. रक्त वाढलं होतं, पण पुरतं नाही. त्यानं बांगड्यांची टोपली उचलली. आता ही माळ्यावर जाणार, म्हणून शहजादीबीचे डोळे भरून आले.

यासेरनं ती तिच्या डोक्यावर ठेवली.

"तुला न्हाई पाठवलं तर केवळामावशी इथंच राहायला येणार हाय. तिच्यापुढं माझं काय चालतंय, अम्मी?"