राखेखालचे खूर

"शेणात वाढलेल्याला सगळीकडे शेणच दिसणार."

साहेब खड्ड्याच्या काठावर उभे होते. मी खाली, गुडघ्यांवर, हातात पेन्सिल आणि फळीवर लावलेला आलेखाचा कागद. आजूबाजूला टोपल्या घेतलेले वीसएक मजूर. एरवी साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलत. हे वाक्य त्यांनी कन्नडात म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. तंबूच्या सावलीत त्यांचे दोन विद्यार्थी बसले होते, ते हसले. ते हसले म्हणून मजूर हसले.

मग मीही हसलो.

त्या गोष्टीला चाळीसच्या वर वर्षं झाली. आता मी एक्क्याऐंशीचा आहे. राजाजीनगरात मुलाकडे राहतो. साहेबांचं वाक्य मी एखाद्या वेळी विसरतो. माझं हसणं विसरत नाही.

आम्ही गवळी. कित्येक पिढ्यांमागे मराठी फौजेची जनावरं राखायला इकडे कन्नड मुलखात आलो आणि इथलेच झालो, असं वडील सांगायचे. पुरावा काही नाही. आम्ही ते मानतो. मानायला माझी हरकत नाही. पण मी ते कुठल्या रिपोर्टात लिहिणार नाही.

यशवंतपूरला रुळांच्या अलीकडे आमचा गोठा होता. आई गोवऱ्या थापायची. शाळेआधी मी त्या चार घरी पोचवायचो आणि मग नळावर कोपरापर्यंत हात घासायचो. तरी बाकावरची मुलं नाक धरायची. ड्रॉइंगमध्ये मी पहिला यायचो, ते त्या वासामुळेच. कागदाला वास येत नाही. पुढे ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि उत्खनन करणाऱ्या एका संस्थेत लागलो. जमिनीतून जे निघेल ते जसंच्या तसं मापून कागदावर उतरवायचं, एवढंच काम. जसंच्या तसं. पहिल्या दिवशी साहेबांनीच शिकवलेला शब्द.

देवनहळ्ळीच्या पलीकडे एक राखेचं टेकाड होतं. स्थळपुराणात लिहिलंय की एका ऋषीनं तिथे वर्षानुवर्षं यज्ञ केला आणि त्या यज्ञाची राख साठून टेकडी झाली. साहेब मोठे विद्वान. पोथी तोंडपाठ. पहिली कुदळ पडण्याआधीच त्यांनी रिपोर्टाचं नाव ठरवलं होतं: 'पुराणोक्त यज्ञभूमीचा शोध'. जे आधीच सापडलंय ते खणायचं कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. गिळला.

टेकाडाच्या पायथ्याशी गुरं राखणाऱ्यांची एक वस्ती होती. मजूर तिथलेच. त्यांत गौरम्मा होती, पंचविशीची. टोपल्या वाहायला ठेवली होती, पण तिच्या बोटांना माती कळायची. ब्रश घेतलेल्या विद्यार्थ्यांना जे दिसायचं नाही ते तिला अंगठ्यानं लागायचं. त्या सकाळी तिनंच मला हाक मारली.

"अण्णा, स्वल्प इकडे बघा. दनांचे पाय."

दना म्हणजे गुरं. मी खाली उतरलो. वर हातभर जाडीची राख होती, ती त्याच सकाळी काढल्यावर खाली घट्ट वाळलेला चिखल लागला होता. त्यावर खुरांचे ठसे. दोन नखांचे, मोठ्यांचे, वासरांचे, एकमेकांवर चढलेले. सकाळी गुरं पाण्यावर सोडल्यावर आमच्या गोठ्याचं दार जसं दिसायचं, अगदी तसं. मी राखेचा एक खडा उचलून फोडला. आत गवताच्या काड्यांच्या खुणा. चुलीतली जळलेली गोवरी मी हजारदा फोडलीय. मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हजारो वर्षांपूर्वी इथे माणसं गुरं कोंडत होती. शेण साचत होतं. ते शेण ती जाळत होती. वर्षानुवर्षं.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, "सर, हा गोठा आहे! ही शेणाची राख आहे!"

तेव्हा ते वाक्य आलं.

इथेच थांबलं असतं तर मी आज फक्त अपमान झालेला माणूस असतो. पण पुढेही काही झालं.

हसणं संपल्यावर साहेब खाली उतरले. ठसे बघितले. बराच वेळ बघितले. त्यांनाही कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मग हळू आवाजात, इंग्रजीत, त्यांनी मला विचारलं, "काल संध्याकाळी खड्ड्याभोवतीच्या कुंपणाची दोरी कुणी बांधली?"

दोरी रोज गौरम्मा बांधायची.

"वस्तीतली गुरं आत शिरली असणार," साहेब म्हणाले. "असंच झालं ना?"

वर हातभर राख. कालची गुरं राखेखाली कशी जातील? शेंबड्या पोरालाही कळेल. साहेब माझ्याकडे बघत होते. विद्यार्थी बघत होते. गौरम्मा बघत होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की शेणाचा वास माझ्या अंगावरून काढून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकायची सोय झाली आहे.

"हो सर," मी म्हणालो. मग कन्नडात, तिच्याकडे बोट दाखवून, सगळ्यांना कळावं म्हणून: "हिनं दोरी सोडून ठेवली."

तिनं टोपली उलटी करून झटकली, दुसऱ्या बाईच्या हातात दिली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही.

आता आराखड्याचं सांगतो. कुणालातरी कळायला हवं की खोटं कसं काढतात. पेन्सिलच्या कागदावर मी सगळं उतरवलं होतं: खूर, राखेची जाडी, त्या जुन्या गोठ्याच्या खांबांना टेकू दिलेले चार दगड. शाईचा आराखडा करताना साहेब शेजारी उभे राहिले. आधी म्हणाले, चार दगड तुटक रेषेनं जोड. आमच्या कामात तुटक रेष म्हणजे अंदाज. जोडले. चौकोन झाला. मग म्हणाले, रेष पक्की कर. केली. यज्ञकुंड झालं. खूर शाईत उतरले होते ते अर्ध्या ब्लेडनं खरवडायला लावले. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई खरवडताना उंदीर कुरतडल्यासारखा आवाज येतो. एक वासराचा खूर काही केल्या जाईना. तिथे मी उत्तरेचा बाण काढला.

रिपोर्ट छापला गेला. शेवटी टीप होती: गौरम्मा नावाच्या मजूर स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे वस्तीतली गुरं आत शिरून काही भाग बिघडला. अख्ख्या रिपोर्टात एकाच मजुराचं नाव आहे. तिचं.

मला बढती मिळाली. पेन्सिलचा मूळ कागद मात्र मी जमा केला नाही. तो आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. का ठेवला? शूर होतो म्हणून नाही. जाळायची हिंमत झाली नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात दारावर एक म्हातारी आली. हातात काठी, काखेत प्लास्टिकची पिशवी. दोन बस बदलून आली होती. सुनेला वाटलं काही विकायला आलीय. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

"अण्णा, म्हातारे झालात," ती म्हणाली. "मीच काय ती तरुण राहिले." आणि बोळकं दाखवून हसली.

पिशवीत नोटीस होती. त्या टेकाडावर एक ट्रस्ट यज्ञभूमीचं तीर्थस्थान उभारतोय. विमानतळाकडून थेट रस्ता होणार. पायथ्याची वस्ती हलवायची, कारण पवित्र यज्ञभूमीजवळ गोठे आणि शेण नको. शेणाच्या टेकडीजवळ शेण नको! तालुका कचेरीत सुनावणी चाललीय. ट्रस्टच्या वकिलानं तिथे रिपोर्टातली टीप वाचून दाखवली: ही वस्ती पूर्वीपासूनच जागा विटाळत आली आहे, हा घ्या पुरावा.

"माझं नाव वाचलं हो, सगळ्यांसमोर," गौरम्मा म्हणाली. "माझ्या नातसुनेसमोर. अण्णा, मला एकच सांगा. माझी गुरं काय घुशी होती, राखेच्या खालनं बिळातनं शिरायला?"

मी नोटीस तिच्या हातात परत दिली.

"दोरी मी बांधली होती."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"तेव्हाही माहीत होतं?"

"तेव्हाही."

तिनं सुनेनं दिलेली कॉफी खाली ठेवली. अर्धीच प्यायली होती. "सरी," म्हणाली, म्हणजे बरं, आणि काठी टेकत जिना उतरून गेली. तिनं मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. कोणत्या तोंडानं मागणार?

चार दिवसांनी दुसरा पाहुणा. तंबूच्या सावलीत हसलेल्या दोघांपैकी एक. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. हा आता निवृत्त प्राध्यापक, ट्रस्टचा सल्लागार. शाल, फळांची करंडी आणि टाईप केलेला कागद घेऊन आला.

"तुमचा सत्कार ठरलाय," तो म्हणाला. "त्याआधी एक छोटी सही. आराखडा जसा दिसला तसाच काढला, एवढंच लिहिलंय."

"तसा काढलेला नाही."

"काय म्हणता?"

"तो गोठा होता. राख शेणाची आहे."

तो हसला. तेच हसणं, फक्त दात नवे. "अहो, अजून शेणच दिसतं का तुम्हाला?"

या वेळी मी हसलो नाही.

त्याचा आवाज बदलला. "लाखो लोकांची श्रद्धा आहे. तुम्ही स्वतः देवपूजा करता."

"करतो. उद्याही करीन. देवाला माझी सही लागत नाही. तुम्हाला का लागते?"

त्यानं शाल घडी घालून परत नेली. करंडी विसरला. सुनेनं ती खालच्या वॉचमनला दिली.

ऋषी झालाच नाही असं मी म्हणत नाही. मला काय माहीत? पोथीत आहे, लोक मानतात, मानोत. पण मातीला विचारलंत तर मातीचं उत्तर ऐका. त्या खड्ड्यातल्या मातीनं ऋषीबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती बोलली गुरं राखणाऱ्यांबद्दल. ज्यांच्यावर कुणी पुराण लिहिलं नाही, त्यांनी चिखलात स्वतःची नोंद ठेवली होती, आणि ती हजारो वर्षं टिकली. पाऊस, नांगर, राजे, सगळ्यांतून टिकली. ती पुसायला माझ्यासारखा गवळ्याचा शिकलेला मुलगा लागला. साहेबांच्या हाताला ब्लेड शिवलंही नव्हतं.

मुलगा म्हणतो, "अप्पा, या वयात कशाला? लोक घरावर दगड टाकतील. वर तुम्हीच खोटं केलं म्हणून तुम्हाला धरतील." बरोबर आहे त्याचं. धरावं. मीच केलं.

मंगळवारी सुनावणी आहे. ट्रंकेतला कागद काढला. कडा पिवळ्या पडल्यात, पेन्सिल शाबूत आहे. प्रत्येक खुराशेजारी माझ्या हातचं माप आहे, आणि वर स्पष्ट लिहिलंय: राखेच्या थराखाली. ज्या शाईच्या आराखड्यावर ते नाचतायत, त्याच्या उत्तरेच्या बाणाखाली खरवडल्याची खूण आहे. उजेडासमोर धरा म्हणून सांगणार आहे.

पण ते नंतर. आधी मी उभा राहीन आणि कन्नडात बोलेन, सगळ्यांना कळावं म्हणून. पहिलं वाक्य लिहून घ्यायला लावीन: गौरम्मानं दोरी सोडली नव्हती. खोटं मी बोललो.

मग त्यांचा वकील विचारेल, तुम्ही विद्वान नाही, साधे ड्राफ्ट्समन, ही राख कशाची ते तुम्हाला काय कळतं?

त्याला सांगेन. मी शेणात वाढलो. मला कळतं.