माऊसने वाजवलेला हाय-हॅट

दुपारपासून संगणकावर हाय-हॅट वाजवतोय, म्हणजे ड्रमसेटमधली ती पायाने उघडमीट करायची झांजांची जोडी. वाजवतोय कसला, माऊसने ठोके पेरतोय! सगळे एका मापाचे. ऐकून शिसारी येते.

"जरा माणसाने वाजवल्यासारखं करा," गाण्याचे निर्माते म्हणाले. मग एक ठोका हलका केला, दुसरा किंचित मागे सरकवला, झांज मिटायला उशीर लावला. माणूस म्हणजे तरी काय, एवढासा उशीरच.

पुन्हा ऐकलं आणि चरकलो. हे तर आमचे जुने ड्रमर, दिनूभाऊ! ह्याच उशिरापायी मी त्यांना सांगितलं होतं, "भाऊ, उद्यापासून नका येऊ." जाताना त्यांनी झांजा पुसून ठेवल्या होत्या.

"वा! कोण वाजवतंय?" निर्मात्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. थू!